नव्या स्वयंपाकघराचे काम कोणाला द्यावे याविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

नव्या मॉड्युलर किचनसाठी आलेली तिन्ही कोटेशने बाबांनी पाठवली, ती मी सावकाश वाचली. काम कोणाला द्यायचे हे तुम्ही दोघांनीच ठरवायचे आहे, कारण त्या ओट्यापाशी रोज तुम्हीच उभे राहणार आहात. परंतु हाताशी असलेले पैसे ठरलेले असताना पुरवठादाराची पारख कशी करावी, याबद्दल मला जे मनापासून वाटते ते फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा लिहून कळवावे, म्हणजे ते पुढ्यात ठेवून त्या माणसांशी बोलता येईल, असा विचार करून हे पत्र लिहीत आहे.

बाबा, तुम्ही तिन्ही कोटेशनांच्या शेवटच्या रकमा शेजारी शेजारी मांडून सर्वांत कमी रकमेखाली रेघ ओढली आहे. त्या रकमांची तुलना आज तरी करता येणार नाही, कारण तिघांनी आपापल्या मनाने तीन वेगवेगळी स्वयंपाकघरे आखली आहेत. एकाने खाली जवळजवळ सगळे ड्रॉवर दिले आहेत, दुसऱ्याने दाराची कपाटे दिली आहेत, आणि ज्याचा आकडा सर्वांत कमी आहे त्याने नुसता रनिंग फुटाचा, म्हणजे ओट्याच्या लांबीच्या दर फुटामागचा, भाव लावून आत काय येणार ते मोघम ठेवले आहे. एका फुटात एक दार आणि एक फळी बसू शकते, तसेच तीन ड्रॉवर आणि त्यांची तीन जोड चॅनेलही, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्याही, बसू शकतात. या दोहोंच्या खर्चात पुष्कळ अंतर असते, पण रनिंग फुटाच्या भावात ते दिसतच नाही. म्हणून सर्वप्रथम एकच नकाशा पक्का करून तोच तिघांच्या हाती द्यावा, आणि प्रत्येक कपाटाला क्रमांक घालून त्याची रुंदी, बोर्डाचा प्रकार व जाडी, शटरचा म्हणजे कपाटाच्या दाराचा पृष्ठभाग, बिजागरी व चॅनेल कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या मॉडेलचे, हे सारे ओळवार लिहून मागावे. जुने कपाट काढणे, नळजोडणी, विजेचे पॉइंट, ओट्याचा दगड, वाहतूक आणि कर यांतले काय धरले आहे आणि काय वगळले आहे, तेही त्याच कागदावर यावे. स्वस्त कोटेशन पुढे महाग पडते ते बहुधा या वगळलेल्या कामांमुळेच. एवढा तपशील लेखी देण्यास जो तयार होणार नाही, त्याची रक्कम कितीही कमी असली तरी त्याला यादीतून काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पैसा कोठे घालावा आणि कोठे वाचवावा, त्याविषयी. दुकानात डोळ्यांत भरते ते शटर, पण स्वयंपाकघर टिकते ते त्यामागच्या पेटीवर, म्हणजे ज्याला ही मंडळी कारकस म्हणतात त्यावर. लाकडाचे बारीक तुकडे दाबून बनवलेला पार्टिकल बोर्ड पाण्याने एकदा फुगला की वाळल्यानंतरही मूळ जाडीला परत येत नाही, आणि एमडीएफमधला, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या बोर्डातला, स्क्रू दोन-तीनदा काढून घातला की पकड सोडतो. प्लायवुडमध्ये लाकडाचे पापुद्रे एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते स्क्रू अधिक चांगला धरते. सगळीकडे उत्तम प्लायवुड वापरणे बजेटमध्ये बसत नसेल, तर निदान सिंकखालचे कपाट आणि त्याच्या शेजारचे कपाट जलरोधक प्लायवुडचे घ्यावे, आणि वरच्या, कोरड्या राहणाऱ्या कपाटांसाठी साधा पण चांगल्या प्रतीचा बोर्ड चालवून घ्यावा. असा मिश्र पर्याय पुरवठादार स्वतःहून सुचवत नाहीत. विचारल्यावर मात्र बहुतेक जण देतात. बोर्ड कोणताही असो, त्याच्या गोंदातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूचे उत्सर्जन ई-१ किंवा त्याहून कमी वर्गातले आहे याचा कागद मागावा, कारण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूचा समावेश माणसांत कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला आहे आणि आई दिवसाचे कित्येक तास त्याच खोलीत असते.

दुकानात गेल्यावर शटरच्या रंगाकडे वळण्याआधी एक गोष्ट अवश्य करा. सिंकचे कपाट उघडून खाली वाका आणि पाइपासाठी पाडलेल्या भोकाची कड पाहा. तेथे बोर्ड उघडाच सोडलेला दिसला, तर ते दुकान स्वतःच्या नमुन्यातही पाण्याची काळजी घेत नाही हे उघड आहे. मग फळीच्या कडेवरून नख फिरवा. यंत्रावर लावलेली एज बँडिंगची, म्हणजे बोर्डाची उघडी कड झाकणारी, पट्टी बोर्डाशी इतकी एकजीव झालेली असते की नखाला सांधा जेमतेम लागतो; हाताने चिकटवलेल्या पट्टीखाली कोपऱ्याजवळ नख शिरते, आणि जेथे नख शिरते तेथे वाफ आणि पाणीही शिरते. पुढे ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा आणि त्याच्या पुढच्या कडेवर तळहाताने भार द्या. चॅनेल कमजोर असेल तर ड्रॉवर लगेच नाक खाली घालतो. चॅनेल किती किलो भार सोसते हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावे, कारण जड भांडी तुम्ही तेथेच ठेवणार आहात.

बिजागऱ्यांवर काटकसर करू नये. ईएन १५५७० या युरोपीय मानकाच्या सर्वांत वरच्या पातळीवर बिजागरी ८०,००० वेळा उघडझाप करून तपासली जाते. दिवसाला वीस वेळा उघडणाऱ्या दारासाठी हा हिशेब सुमारे अकरा वर्षांचा होतो, म्हणून अशा तपासणीचे प्रमाणपत्र असलेली बिजागरी थोडी महाग असली तरी घ्यावी. स्टीलच्या जाळ्यांबाबत, चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील चांगले, असे समजून चुंबक लावून पाहण्याचा सल्ला बाबांना कोणी तरी दिला आहे, पण त्याने खात्री पटत नाही. ३०४ या चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, तर स्वस्त २०२ प्रतीत बरेचसे निकेल काढून त्या जागी मँगेनीज घातलेले असते. ही दुसरी प्रतही चुंबकाला फारशी ओढली जात नाही, मात्र ओलीत लवकर डागाळते. त्यामुळे चुंबकावर न विसंबता बिलावर प्रत लिहून घ्यावी. खरे तर आतल्या जाळ्या कमी करून साधे लाकडी ड्रॉवर घेतले तर खर्चही वाचतो आणि पुसणेही सोपे जाते. कोपऱ्यातल्या फिरत्या जाळीचा मोह तर टाळावाच. तिच्या किमतीत दोन चांगले ड्रॉवर होतात.

बचतीची खरी जागा आखणीत आहे. मॉड्युलर किचनचा आरंभ ज्या स्वयंपाकघरापासून मानला जातो, ते ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टमधील सामान्य कामगारांच्या स्वस्त घरांसाठी आखले होते. ते साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब एवढेच होते. किती पावले पडतात आणि हात कोठवर पोहोचतो याचा बारकाईने अभ्यास करून त्यांनी ते रचले, आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. कमी पैशात चांगले स्वयंपाकघर व्हावे हाच मुळात या कल्पनेचा हेतू होता, हे लक्षात घेतले की दुकानातल्या झगमगाटाने दबून जाण्याचे कारण उरत नाही. जे पुरवठादार ४५, ६० किंवा ९० सेंटीमीटर अशा ठरावीक रुंदीत कपाटे बनवतात त्यांच्याकडे त्याच मापांत आखणी बसवून उरलेल्या जागी पट्टी मारली तर खर्च आटोक्यात राहतो, आणि अरुंद ड्रॉवर पुष्कळ घेण्यापेक्षा रुंद ड्रॉवर थोडे घेतले तर चॅनेलांची संख्याच घटते.

आई, ओट्याच्या उंचीबाबत मात्र तू कोणाचेही ऐकू नकोस. पुरवठादार आपली नेहमीची उंची सांगतील, पण ती तुझ्या कोपरावरून ठरली पाहिजे. ताठ उभी राहून कोपर काटकोनात वाकव, जमिनीपासून कोपरापर्यंतचे माप बाबांना घ्यायला सांग आणि त्यातून दहा ते पंधरा सेंटीमीटर वजा कर. तुझा ओटा तेवढा हवा. खालच्या कपाटांना उंची बदलता येणारे पाय असतील तर हे सहज जमते आणि फरशी पुसताना पाणी बोर्डाला लागत नाही. तुझ्या गुडघ्यांचा विचार करता ओट्याखाली फळ्यांची खोल कपाटे नकोत, ड्रॉवरच हवेत, आणि त्यांना बोटांत धरायच्या गोल मुठींऐवजी पूर्ण पंजा घालता येईल अशी लांब हँडले हवीत. छतापर्यंतची कपाटे कोणी आग्रहाने सुचवली तरी घेऊ नका. तेथपर्यंत पोहोचायला तुम्ही स्टुलावर चढणार, या कल्पनेनेच मला काळजी वाटते. त्या पैशात वरच्या कपाटांखाली ओट्यावर पडणारे दिवे बसवून घ्या.

यानंतर उरतो तो माणसांचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा आहे. अंतिम माप पुरवठादारानेच येऊन घ्यावे आणि त्या कागदावर सही करावी, म्हणजे कपाट बसले नाही तर जबाबदारी कोणाची यावर वाद राहणार नाही. बाबा, त्याआधी तुम्ही भिंतींचा कोपरा तपासून ठेवा: एका भिंतीवर ९० सेंटीमीटर, दुसरीवर १२० सेंटीमीटर मोजून खुणा करा, दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर १५० भरले तर कोपरा काटकोनात आहे. तसे नसेल तर ते त्यांना आधीच दाखवून द्या. माल त्यांच्याच कारखान्यात बनतो की बाहेरून येतो, फिटिंग करणारे लोक त्यांचे आहेत की रोजाने बोलावलेले, हे विचारा आणि शक्य असेल तर कारखाना पाहून या. छोटा कारखानदार असला म्हणून बिघडत नाही. मशीनवर कापणी आणि कडा होत असतील आणि मालक स्वतः साइटवर येत असेल, तर मी मोठ्या दालनापेक्षा त्यालाच पसंती देईन. तयार कपाटे एकाकडून घेऊन बसवायला दुसरा सुतार लावण्याचा मार्ग स्वस्त दिसतो, पण दार वाकडे बसले की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतील आणि तो मनस्ताप या वयात तुम्ही घेऊ नये.

काम पाहायला जाल तेव्हा नुकतेच पूर्ण झालेले घर पाहू नका. चार-पाच वर्षे वापरात असलेले पाहा आणि तेथील बाईंना विचारा की दुरुस्तीसाठी बोलावल्यावर माणूस किती दिवसांनी आला. बिजागरी बनवणाऱ्या कंपनीची हमी सुट्या भागापुरती असते. तो बदलून देण्याची मजुरी कोण सोसणार, हे पुरवठादाराकडून वेगळे लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा, बऱ्यापैकी मोठा हप्ता सर्व दारे एका रेषेत आल्यावर, ड्रॉवर अडखळत नाहीत आणि सिंकखाली गळती नाही हे पाहिल्यावरच द्या. सूट आजच्याच दिवसापुरती आहे असे सांगून कोणी ॲडव्हान्स मागितला, तर मुलीला विचारून सांगतो असे म्हणून खुशाल उठून या.

सोबत मी आखलेला नकाशा जोडला आहे. त्यात आईच्या कोपराचे माप आणि खिडकीच्या खालच्या कडेची उंची या दोन जागा रिकाम्या ठेवल्या आहेत. ती मापे कळवलीत की मी नकाशा पुरा करून तिघांसाठी तीन प्रती पाठवते. नवी कोटेशने येईपर्यंत कोणालाही ॲडव्हान्स देऊ नये, ही विनंती.

तुमची लेक