घोडा गेलेला नाइट

लंडन

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नाइट म्हणजे राजाचा सरदार एवढंच का, असं तुम्ही विचारलंत. फोनवर उरकण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसले.

इथल्या टेंपल चर्चमध्ये विल्यम मार्शल या जुन्या इंग्लिश नाइटची म्हणून दाखवतात ती दगडी मूर्ती जमिनीवर आडवी आहे. अंगात कड्यांचं चिलखत, जवळ ढाल. 1941 च्या बॉम्बहल्ल्यात चर्चचं छप्पर जळालं, तेव्हा तिचंही बरंच नुकसान झालं.

हा मार्शल घरातला चौथा मुलगा, जहागिरीतून हाती काही लागणार नव्हतं. नॉर्मंडीत नात्यातल्या एका सरदाराकडे वाढला, 1166 च्या सुमारास नाइट झाला. पहिल्याच लढाईत त्याचा घोडा मेला. पठ्ठ्या जीव तोडून लढला, पण शत्रूचं एकही जनावर त्याने ताब्यात घेतलं नाही. शेवटी झगा विकून साधं घोडं घ्यावं लागलं! शौर्य असून भागत नव्हतं. लढाऊ घोडा, चिलखत, हत्यारं, दिमतीला पोरं, हा खर्च जमिनीतून निघे. राजा किंवा बडा सरदार जमीन देई, बदल्यात लढाईची चाकरी घेई. त्या जमिनीत राबणाऱ्या कुळांची मूर्ती मात्र कुणी घडवली नाही, आणि ते मला फार लागतं.

जमीन नसलेल्या मार्शलला तारलं ते टूर्नामेंटांनी, म्हणजे नाइटांच्या लुटुपुटूच्या लढायांनी. हरलेल्याचा घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याचं, वर सुटकेचे पैसे. आपण 500 नाइट पकडले, असं त्याने मरताना सांगितलं. पुढे लग्नामुळे मोठी जहागीर आली, तो पेम्ब्रोकचा अर्ल, म्हणजे बडा सरदार झाला. 1216 मध्ये नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्री राजाचा कारभार त्याच्याकडे आला आणि सत्तरीच्या घरात तो लिंकनच्या लढाईत स्वतः उतरला.

1219 मध्ये तो अंथरुणाला खिळला होता. चाकरीतल्या नाइटांना सणाला झगे द्यायचा रिवाज होता. ते विकून आत्म्यासाठी दानधर्म करा, असं त्याच्या कारकुनाने सुचवलं. म्हातारा भडकला. झगे माझ्या माणसांच्या हक्काचे, म्हणाला, आणि वाटायला लावले. नाइटने धन्यासाठी जीव द्यायचा, तर धन्यानेही त्याचं देणं चुकवायचं, हे त्याने शेवटपर्यंत पाळलं. म्हणून हा माणूस मला मोठा वाटतो.

आपल्याकडे शिलेदाराचा स्वतःचा घोडा लढाईत पडला, तर भरपाई कोण देई? तुमच्या वाचनात आलं असेल तर सविस्तर कळवा. आईला नमस्कार.

तुमची,
ताई