ले-आऊटमध्ये राहणाऱ्यांनाही नियम लागू करा : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, ग्रामविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ग्रामपंचायत हद्दीतील ले-आऊटमधल्या प्लॉटधारकांच्या जबाबदाऱ्या कायद्याने ठरवून देण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. ले-आऊटमधून तुमच्याकडे जाणारी निवेदनं बहुतेक रस्ता द्या, नाली द्या, नळ द्या अशीच असतात. त्या मागण्या आमच्याही आहेत. पण आज मी वेगळंच मागते आहे. आम्हा प्लॉटधारकांवर बंधनं घाला. प्लॉट घेतला की कोणती जबाबदारी अंगावर येते आणि ती टाळली तर काय होतं, हे लिहून द्या. तोंडी समजुतीवर चालणारा कारभार आता आमच्यानं रेटला जात नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाला लागून असलेल्या एका ले-आऊटमध्ये राहते आणि आमच्या रहिवासी मंडळाचा जमाखर्च सांभाळते. विदर्भात कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पडा, अशी वस्ती दिसेलच. वावर एनए, म्हणजे बिगरशेती होतं, मुरमाचे रस्ते पडतात, कोपऱ्यांवर दगड रोवले जातात, कमान उभी राहते आणि प्लॉट विकले जातात. घेणारे म्हणजे झेडपीचे मास्तर, एसटीचे कंडक्टर, पोरांच्या शिक्षणासाठी गावातलं घर बंद करून आलेले शेतकरी. शेवटचा प्लॉट विकला की ले-आऊट पाडणारा निघून जातो. मागे बोअर, टाकी, विजेचे खांब आणि मोकळी जागा राहते. ते कुणी सांभाळायचं, हे आमच्या विक्रीपत्रात कुठंच नाही.

आमच्याकडे ते मंडळ सांभाळतं. मंडळ म्हणजे काही मोजकी घरं, एक वही आणि महिन्याची वर्गणी. त्यातून मोटारीचं बिल भरायचं, मोटार जळाली की भरून आणायची, टाकी धुवायची, पावसाआधी नाली उपसायची. वर्गणी देणारे देतात, न देणाऱ्यांच्या घरीही पाणी जातं.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. घरोघरी कूलर सुरू असतो आणि त्याला दिवसभर पाणी लागतं. सकाळी टाकीचा व्हॉल्व्ह उघडला की वरच्या अंगाची काही घरं टिल्लू पंप, म्हणजे नळाला जोडायची छोटी मोटार लावून सगळी लाइन ओढून घेतात. शेवटच्या गल्लीतला नळ नुसती हवा सोडतो. त्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात. त्यांची वर्गणी न मागता येते, आणि पाण्यासाठी मात्र त्यांना भांडं घेऊन रस्त्यापलीकडच्या हातपंपावर जावं लागतं. टिल्लू लावणाऱ्या एका घरी मी बोलायला गेले, तर दारातच उत्तर मिळालं, “ताई, कोणत्या नियमात लिहिलं आहे ते दाखवा.” दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. टिल्लू लावायचा नाही, असं बैठकीत सर्वांनी हात वर करून ठरवलं होतं. त्यात त्यांचाही हात होता. पण आमच्या वहीतल्या ठरावामागं कायद्याचं बळ नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

याहून अवघड प्रश्न रिकाम्या प्लॉटचा आहे. आमच्याकडे निम्म्याहून अधिक प्लॉट रिकामे आहेत आणि मालक नागपूर, पुण्याला. जमीन भारी काळी, पाणी लवकर मुरत नाही. जुलैत साचलेलं डबकं पोळा झाला तरी तसंच असतं. गाजर गवत कमरेएवढं होतं, साप निघतात, शेजारची घरं तिथंच कचरा टाकायला लागतात. मालकाला फोन केला तर तो म्हणतो, मी तिथं राहतच नाही, मग वर्गणी कशाची? पण आम्ही बोअर चालू ठेवली, दिवे लावले, रस्त्यावर मुरूम टाकला म्हणूनच त्याच्या प्लॉटचा भाव चढतो. सांभाळायच्या खर्चात त्याचा वाटा असायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. राहणाऱ्या आम्हा लोकांचीही जबाबदारी तितकीच आहे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणजे आमच्या कूलरच्या टाकीतही. आठवड्यातून एकदा कूलर कोरडा करणं, शोषखड्डा खोदून सांडपाणी आपल्या आवारातच जिरवणं, बांधकामाची रेती-गिट्टी रस्त्यावर महिनोन्‌महिने पडू न देणं, पराटीचे (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे) ढीग नालीवर न रचणं, ही कामं घरमालकाची आहेत. यासाठी सरपंचांना बोलावायची वेळ यायला नको.

कायदे नाहीत, असं मी म्हणत नाही. 2016 चा स्थावर संपदा कायदा, ज्याला सगळे रेरा म्हणतात, प्लॉटच्या प्रकल्पांनाही लागू आहे. देखभालीचा वाटा देणं आणि संघटना स्थापन करण्यात भाग घेणं, ही दोन्ही कर्तव्यं त्याच्या कलम 19 मध्ये घेणाऱ्यावर टाकली आहेत. पण तो कायदा पूर्णपणे अमलात आला 1 मे 2017 ला, आणि आमच्यासारखे कितीतरी ले-आऊट त्याआधीच विकून मोकळे झालेले. दुसरा रस्ता सहकाराचा. 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. संस्था नोंदली की थकबाकी वसुलीसाठी निबंधकांकडून दाखला मिळू शकतो, हे फार मोठं बळ आहे. पण नोंदणीलाच निम्म्याहून अधिक मालक लागतात आणि आमचे निम्मे मालक इथं नाहीत. शिवाय अशा संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे नमुना नियम, वाचायला घेतले की लिफ्ट, गच्ची, वरच्या मजल्यावरची गळती, पार्किंग असंच पानोपानी येतं. बोअर किती वेळ चालवायची, नालीचा उतार कुणी बुजवायचा नाही, मोकळ्या जागेत ढोरं बांधायची की नाही, हे आम्हाला हवं आहे आणि तिथं त्यातलं फार थोडं सापडतं.

मोकळ्या जागेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पुढची भांडणं तिथंच होणार आहेत. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. नकाशावर ती हिरव्या रंगात असते. सातबारावर मात्र अनेक ठिकाणी अजून मूळ मालकाचंच नाव आहे. मूळ मालक वारला की वारसांची नोंद होते, आणि मग एखाद दिवशी तिथं तारेचं कुंपण दिसतं. दुसरीकडे आमच्यातलेच कुणी तिथं गोठा घालतात, कुणी ट्रॅक्टर-ट्रॉली कायमची लावून ठेवतात. पोरं खेळतात रस्त्यावर. ही जागा ग्रामपंचायतीच्या किंवा रहिवाशांच्या संस्थेच्या नावावर चढल्याशिवाय ती सांभाळा, असं आम्ही कुणाला सांगूच शकत नाही.

आता एक भीतीही मोकळेपणानं सांगते. नियम करायचा अधिकार मिळाला की तो वाकडा वापरणारे लोक निघतात. आमच्या भागात घर भाड्यानं देताना आडनाव विचारलं जातं. कोणत्या समाजाचे, मटण शिजवता का, बाई एकटीच राहणार का, हे प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. उद्या एखाद्या मंडळानं असलंच काही ठराव करून वहीत लिहिलं, तर तुम्ही दिलेला कायदा एखाद्या दलित किंवा मुस्लिम कुटुंबाला, एखाद्या विधवा बाईला बाहेर ठेवायचं हत्यार होईल. म्हणून नियमावलीत कर्तव्यांइतक्याच ठळकपणे मर्यादाही लिहा. पाणी, नाली, रस्ता, दिवे, कचरा, मोकळी जागा आणि त्यांचा खर्च एवढ्याच विषयांवर नियम करता येतील. घरात कोण राहतं आणि काय खातं, यावर कुणालाही ठराव करता येणार नाही, केला तर तो रद्द समजला जाईल. भाडेकरूला बैठकीत बोलता यावं. थकबाकी कितीही असो, पिण्याचं पाणी तोडायची शिक्षा कुणाला देऊ नये. एवढ्या गोष्टी नसतील तर मला हा कायदा नको आहे.

लोक स्वतःवर नियम घालून घेतात आणि पाळतात, हे विदर्भाला नवीन नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा सर्वसहमतीनं निर्णय घेत आलं. वनहक्क कायद्यानं 2009 साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि अठराशे हेक्टरांहून अधिक जंगल सांभाळायचा अधिकार कागदावर आला. तिथं गावाची एकी आधीपासून होती, कायद्यानं तिला बळ दिलं. आमच्या ले-आऊटमध्ये माणसं दहा गावांहून आलेली, एकमेकांना जेमतेम ओळखणारी. आम्हाला तर त्या बळाची गरज जास्त आहे.

तुमच्या विभागाला करता येण्यासारखं सांगते. ग्रामपंचायत खुल्या प्लॉटवरही कर आकारते, म्हणजे नमुना 8 वर, तिच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, मालकाचं नाव असायलाच हवं. मंडळाला ग्रामपंचायतीची मान्यता द्या, देखभालीचा वाटा ग्रामसभेत ठरू द्या आणि तो घरपट्टीच्या पावतीतच वसूल करून वेगळ्या खात्यात ठेवा. प्लॉट विकताना मंडळाचं थकबाकी नसल्याचं पत्र लागावं, यासाठी महसूल आणि नोंदणी विभागांशी बोला. नव्या ले-आऊटच्या प्रत्येक विक्रीपत्रात सदस्यत्व आणि कर्तव्यं लिहिलेली असावीत. जुन्यांसाठी प्लॉटच्या ले-आऊटला लागू पडेल अशी सोप्या मराठीत दोन-तीन पानांची नमुना नियमावली काढा. मोकळ्या जागांचे सातबारे तपासायला तहसीलदारांना मुदत ठरवून द्या. हिशेब मात्र दर वर्षी ग्रामसभेपुढे वाचला गेला पाहिजे, आमचाही. पैसा लोकांचा आहे आणि वही माझ्यासारख्या एकाच माणसाच्या हातात राहणं बरोबर नाही.

नियमावलीचा मसुदा काढलात तर त्याचा पहिला प्रयोग आमच्या ले-आऊटवर करा. आम्ही थकबाकीची यादी, टाकीच्या लाइनचा नकाशा आणि रिकाम्या प्लॉटच्या मालकांचे पत्ते घेऊन तुमच्या अधिकाऱ्यांसोबत बसायला तयार आहोत. फक्त ते मृगाच्या आधी यावेत, म्हणजे कोणत्या नळाला पाणी येतं आणि कोणत्या नाही, हे त्यांना उघड्या डोळ्यांनी पाहता येईल.

आपली विश्वासू,
खजिनदार, रहिवासी मंडळ
यवतमाळ जिल्हा