अक्का, आता आमच्याकडचा फोन तुटत नाही

प्रिय अक्का,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी जिन्यातच उभं राहून तुमचे आभार मानले, पण मनाचं समाधान झालं नाही. शिवाय वडगाव, शहापूर, खासबागेत आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत. खाली माग, वर संसार, आणि सगळ्यांत मिळून एकच इंटरनेट. त्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

आमची अडचण तुम्ही पाहिलीच आहे. लंडनहून नणंदेचा फोन संध्याकाळी इंटरनेटवरूनच येतो, आणि नेमकं तेव्हाच मुलांचे क्लास, दिरांचं व्यापाऱ्यांशी बोलणं, टीव्ही, सगळं एकदम सुरू असतं. सासूबाईंना कमी ऐकू येतं. "उद्या...टरकडे जा...आहे" एवढं कानावर पडलं तरी आपल्याला 'डॉक्टरकडे' जुळवता येतं. त्यांना नाही जुळवता येत. दोनदा "काय म्हणालीस?" विचारायच्या, आणि मग काहीच न कळता "बरं, बरं" म्हणून फोन माझ्या हातात द्यायच्या. पोटच्या लेकीशी बोलणं असं अर्ध्यात सोडताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

ज्याला विचारावं तो म्हणायचा, मोठा प्लॅन घ्या. तुम्ही मात्र म्हणालात, "आधी मोजून बघू." टेलिफोन खात्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाची नजर ती! लॅपटॉपवर पिंग लावून, म्हणजे पाठवलेल्या संदेशाचं उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत, तुम्ही स्वयंपाकघरातच बसलात. घर शांत होतं तोवर आकडा वीस-पंचवीस मिलिसेकंद. मग शेडमधल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढायला लागलं. दीर घरी आले, त्यांचा मोबाईल वायफायला जोडला गेला आणि दिवसभर काढलेले साड्यांचे फोटो आपोआप बॅकअपला लागले. आकडा बघता बघता सहाशेच्या वर गेला. डाऊनलोड मोकळंच होतं, तुंबलं होतं ते अपलोड.

तुम्ही समजावलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. आवाजाला जागा अगदी थोडी लागते. आवाज आकड्यांत बदलण्याच्या जुन्या जी.७११ पद्धतीत ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ हजार बिट), प्रत्येक तुकड्यावरची पत्त्याची वेष्टनं धरून ऐंशी-नव्वद. आजकालची ओपस ही पद्धत त्याहूनही कमीत भागवते. पण बोलण्याचे साधारण वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे होतात, म्हणजे सेकंदाला पन्नास, आणि प्रत्येक तुकडा वेळेवर पोचावा लागतो. फार उशिरा आलेला तुकडा काही कामाचा नसतो, फोन तो टाकूनच देतो. बोलणं सहज व्हायचं तर एका बाजूचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत हवा. उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागते आणि सायकलवरचा दूधवाला मागे अडकतो, तसं आमच्या राऊटरमध्ये चाललंय, हे तुमचं बोलणं सासूबाईंनासुद्धा लगेच पटलं.

या तुंबण्याला बफरब्लोट म्हणतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर कोडेल नावाची पद्धत मांडली: रांग रेंगाळायला लागली की राऊटर काही पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, वेळीच टाकून देतो, म्हणजे पाठवणारा आपणहून हात आवरतो. एफक्यू-कोडेलमध्ये तर प्रत्येक प्रवाहाची रांगच वेगळी, त्यामुळे फोनचे बारीक तुकडे बॅकअपच्या मागे ताटकळत नाहीत.

इंटरनेट कंपनीनं दिलेल्या डब्यात ही सोय नव्हती. तुम्ही ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर घातलेला स्वतःचा राऊटर आणून त्याच्यापुढे जोडलात आणि त्यातली एसक्यूएम, म्हणजे रांग सांभाळण्याची सोय, सुरू केलीत. आमचं अपलोड दहा एमबीपीएस, तुम्ही मर्यादा नऊवर ठेवलीत. विकत घेतलेला वेग मुद्दाम कमी करायचा म्हटल्यावर दिरांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. पण मर्यादा लाईनच्या थोडी खाली ठेवली तरच रांग आपल्या राऊटरमध्ये लागते आणि आपल्या हातात राहते, हे तुम्ही त्यांना न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगितलंत. त्या धीराबद्दल तुमचे वेगळे आभार मानायला हवेत.

वायफायचं काम त्यामानानं लवकर आटपलं. राऊटर लोखंडी कपाटामागून काढला. पाच गिगाहर्ट्झ आमच्या जाड भिंतींतून पलीकडे जाईना, म्हणून माजघरापर्यंत केबल ओढून तिथे वायफाय देणारा दुसरा डबा, ॲक्सेस पॉइंट, बसवला. सासूबाईंचा फोन आता त्यालाच जोडलेला असतो.

परवा कॅमेरे चालू, बॅकअप चालू, मुलं व्हिडिओ बघताहेत, आणि सासूबाई नणंदेला पुरणाचं प्रमाण सांगत होत्या. पलीकडून तिनं जायफळ किती घालायचं विचारलं, आणि सासूबाईंनी पहिल्याच खेपेला उत्तर दिलं. फोन माझ्याकडे आलाच नाही. प्लॅन जुनाच आहे, महिन्याला एक रुपयाही वाढला नाही.

अक्का, तुम्ही पैसे घेतले नाहीत, राऊटरचेसुद्धा नाहीत. तेवढे तरी घ्या, नाहीतर पुढच्या वेळी बोलवायला आम्हाला संकोच वाटेल. आणि एक विचारायचं राहिलं: शेडमध्ये आणखी दोन कॅमेरे बसवायचे आहेत. त्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडऐवजी घरातल्याच डीव्हीआरवर (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात) ठेवलं तर अपलोडवरचा भार कमी होईल ना? रविवारी जेवायलाच या, सासूबाईंनी खास सांगितलंय. तेव्हा बघून घेऊ.

तुमची,
खालच्या मजल्यावरची वहिनी
वडगाव, बेळगाव