पुरुषांची लपवलेली तक्रार आणि 'हमखास' चूर्णे

संपादक महोदय,

आक्षेपार्ह औषध-जाहिरातींना मनाई करणारा केंद्रीय कायदा 1954 पासून असूनही 'मर्दानी ताकद हमखास' असे कागद लोकलच्या डब्यात आजही चिकटवलेले दिसतात. ताठरता येत नाही म्हणून मी स्वतः असेच एक चूर्ण दोन महिने दुधातून घेतले. डबीवर घटकांची नावेसुद्धा नव्हती. अखेर डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा मधुमेह निघाला.

शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असल्याने त्यांच्यातील अडथळा आधी जाणवतो, म्हणून ताठरता न येणे ही पुष्कळदा हृदयविकाराची पूर्वसूचना असते. मधुमेहाप्रमाणेच उच्च रक्तदाब, तंबाखू, दारू, काही औषधे आणि मनावरचा ताण हीही कारणे आहेतच. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांत सिल्डेनाफिल हे ताठरतेसाठीचे ॲलोपॅथिक औषध मिसळल्याचे अनेकदा आढळले आहे, आणि छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब त्यामुळे जिवावर बेतेल इतका घसरू शकतो.

तंबाखू सोडली, तलावपाळीला रोज पहाटे पाऊण तास चालू लागलो, साखर आटोक्यात आली, तसा मला हळूहळू फरक पडला. मधुमेहाच्या तपासणीत डॉक्टरांनीच हा प्रश्न आपणहून विचारावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आम्ही पुरुष लाजेपोटी तो काढत नाही.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे