तोंडाची चव आणि गोळ्यांचे पाकीट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘तोंडाला चव नाही’ ही तक्रार आपल्या घरांत पित्तावर ढकलली जाते आणि लिंबाच्या लोणच्याची फोड पानात वाढली की विषय संपतो. दाढेला पू झाल्याने माझ्या सासूबाईंना मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दिल्या होत्या. दुसऱ्याच दिवसापासून त्यांना आमटीत, चहात, अगदी साध्या पाण्यातही तांब्याचा जुना पैसा चघळल्यासारखी चव लागू लागली. त्यांनी आमटीचे पातेले दोनदा घासून घेतले आणि जेवण निम्म्यावर आणले. हा त्या गोळीचा सर्वज्ञात दुष्परिणाम असून गोळ्या संपल्यावर तो सहसा जातो, एवढे एक वाक्य कोणी आधी सांगितले असते, तर सत्तरी ओलांडलेल्या बाईचे आठवडाभर अर्धपोटी राहणे टळले असते.

मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल यांनीही चव बिघडू शकते. पण म्हणून ती औषधे परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. चव बिघडण्याच्या जोडीला घशाशी आंबट येणे आम्लपित्ताचे, तर दात घासताना रक्त येणे हिरड्यांच्या विकाराचे लक्षण असू शकते. मूत्रपिंडे निकामी होत असताना रक्तात युरिया साठूनही तोंडाला धातूसारखी चव येते. सोबत मळमळ आणि पायांवर सूज असेल, तर तपासणी लांबवू नये.

पाकिटावर ‘जेवणानंतर’ असे लिहून देणाऱ्या औषधविक्रेत्यांनी त्याखाली ‘तोंड कडवट होईल’ एवढे मराठीत लिहावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा