चि. मनूस, तुझ्या लग्नाच्या फोननंतर

सातारा,
१५ जून २०२५

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर लग्न ठरवल्याचे सांगितलेस आणि त्याच दमात जुलैमध्ये पुन्हा बातमीच्या कामासाठी सीमेवरच्या पूंछला जाणार असल्याचेही सांगितलेस. मी "बरं" म्हणाले आणि फोन तुझ्या बाबांकडे दिला. त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, आणि तू सगळे हळू आवाजात सांगत होतीस, त्यामुळे गाव, घरची माणसे, तारीख यांतले त्यांना निम्मेच कळले. पण मुलगा फौजेत आहे एवढे मात्र स्वच्छ ऐकू आले. फोन ठेवल्यावर त्यांनी माळ्यावरची आपली फौजेतली काळी ट्रंक खाली काढली, तिच्यावरचा पांढऱ्या रंगातला पुसट झालेला नंबर ओल्या फडक्याने पुसून पाहिला आणि संध्याकाळपर्यंत ते कोणाशी बोलले नाहीत. त्यांचा आनंद कसा असतो हे तुला ठाऊक आहे.

माझाही विरोध नाही, हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचे वाचताना तू प्रत्येक ओळीत नकार शोधणार नाहीस. मुलगा पिथोरागढचा आहे, भाषा वेगळी आहे, लग्न कोणत्या पद्धतीने करायचे हे ठरायचे आहे, यातल्या कशाचेही मला काही वाटत नाही. कोरेगावच्या आत्याला वाटेल, तिचे मी बघेन. संरक्षण मंत्रालयाच्या वार्ताहरांसाठीच्या प्रशिक्षणवर्गात तुमची ओळख झाली, तुमच्या गटाला चौकी दाखवायला नेमलेला अधिकारी तोच होता, आणि तुझ्या बहुतेक प्रश्नांना त्याने "हे सांगता येणार नाही" असेच उत्तर दिले, हे तू मला हिवाळ्यात सांगितले होतेस. मला तो तेव्हाच आवडला होता. आवडत्या मुलीपुढे मिरवण्यासाठीसुद्धा जो सांगू नये ते सांगत नाही, तो मुलगा घरात आणायला मला भीती वाटत नाही.

भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे. ज्या दिवशी त्याच्या पलटणीची बातमी तुझ्या टेबलावर येईल, त्या दिवशी तू काय करशील?

हा प्रश्न मला आज सुचलेला नाही. १९९९ च्या मे महिन्यात कारगिल सुरू झाले तेव्हा तू भिंतीला धरून चालायला शिकत होतीस आणि दादा पहिलीत होता. १९७१ साली माझ्या आईला रेडिओवरचे बातमीपत्र आणि दारात येणारा पोस्टमन एवढेच माहीत होते. आमच्या वेळी पहिल्यांदाच लढाई टीव्हीवर, जेवणाच्या ताटासमोर येऊन उभी राहिली. तोलोलिंगचे शिखर आपल्या सैन्याने १३ जूनला घेतले, त्यानंतरच्या आठवड्यात रात्रीच्या बातम्यांत द्रासजवळची एक बोफोर्स तोफ दाखवली. तोफ उडण्याच्या क्षणी कानांवर हात दाबून वळलेला एक माणूस पाठमोरा दिसला, आणि ते तुझे बाबा आहेत हे मी ओळखले. चेहरा दिसलाच नाही. डावा खांदा किंचित वर उचलून उभे राहण्याची त्यांची लकब हजारात मी ओळखीन. मी दादाला झोपेतून उठवले, पण तोवर चित्र बदलले होते.

दोनच दिवसांनी त्याच वाहिनीवर, द्रासमधल्या तोफखान्याच्या एका ठाण्यावर गोळा पडून काही जवान जखमी झाले, असे एक वाक्य आले. रेजिमेंटचे नाव नव्हते, माणसांची नावे नव्हती. ते रीतीला धरूनच होते, कारण घरच्यांना कळवल्याखेरीज नाव जाहीर करायचे नसते. पण ते एक वाक्य साताऱ्यात, कोल्हापुरात, नाशकात किती घरांत एकाच वेळी शिरले असेल याचा विचार कर. आपल्याकडे फोन नव्हता. नानांकडे होता, म्हणून मी तुला कडेवर घेऊन नानांच्या पायरीवर बसून राहिले. मग पत्र आले, त्यावर ५६ एपीओचा, म्हणजे लष्करी टपालाचा शिक्का होता, अक्षर त्यांचेच होते, आणि तारीख त्या बातमीच्या आधीची होती. ते पत्र हातात धरूनही मला काहीच कळले नव्हते. खुशालीचा निरोप त्यानंतर आला.

ती बातमी सांगणारी मुलगी आज तू आहेस त्याच वयाची असावी. मला तिचा राग आला नाही, आजही नाही. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटे डागली. त्यांतला एकही मला दिसला नसता, जर तिच्यासारखी माणसे तिथे वर गेली नसती, आणि तुझ्या बाबांनी ते दिवस कसे काढले हेही कळले नसते, कारण त्यांनी आजवर त्यावर चार वाक्यांपलीकडे कधी तोंड उघडलेले नाही. ५२७ जण परत आले नाहीत, त्यांची नावे आपल्याला माहीत असण्यातही तिचा वाटा आहे. तुझ्या कामाची किंमत मला इथून कळते. पण त्या पायरीवर बसलेल्या बाईच्या जागी उद्या तू असशील आणि ते वाक्य वाचून दाखवणारीही तूच असशील, हे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

या मे महिन्यात ते जवळजवळ घडलेच होते. पहलगामच्या हल्ल्यानंतर २६ एप्रिलला माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचालींचे थेट चित्रण करू नका असे सगळ्या वाहिन्यांना बजावले आणि त्यात कारगिलचा, मुंबईच्या २६ नोव्हेंबरचा आणि कंदाहारच्या विमान अपहरणाचा दाखला दिला, ते मी वर्तमानपत्रातून कापून ठेवले आहे. ७ मेच्या पहाटेपासून पूंछवर गोळे पडत होते, तू त्या शहरात होतीस आणि तो वरच्या कुठल्यातरी चौकीवर होता. १० तारखेला संध्याकाळी पाच वाजता शस्त्रसंधी लागू होईपर्यंत मी तुला पडद्यावर पाहत होते. हेल्मेट तुला मोठे होत होते, पट्टा हनुवटीच्या बराच खाली लोंबत होता. तो घट्ट करून घे. घर पडलेल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलताना त्यांना रडू कोसळले, तेव्हा तू माईक खाली घेतलास आणि त्यांना आधी बसायला जागा करून दिलीस. बाबा म्हणाले, "पोरगी शहाणी आहे." मी काही बोलले नाही, पण मला फार अभिमान वाटला, आणि त्याच वेळी मनात आले की हिला आत्ता तो कुठे आहे हे ठाऊक असेल का, आणि ठाऊक असले तर ही तिथे उभी तरी कशी आहे.

नियम तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत, तरी लिहिते. १९५० च्या लष्कर कायद्याच्या २१ व्या कलमाने सैनिकाच्या बोलण्यावर बंधन घालता येते, आणि वरिष्ठांच्या परवानगीविना त्याला नोकरीसंबंधी काहीही वर्तमानपत्राला सांगता येत नाही. तू त्याच्या घरात राहणार, तो रात्री फोनवर कोणाशी किती वेळ बोलला हे ऐकणार, सुट्टी अचानक रद्द झाली की त्याचा अर्थ तुला कळणार. यातले काहीही तू लिहिणार नाहीस, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण तू न लिहिताही दुसऱ्या कोणी ती बातमी दिली तर पहिला संशय त्याच्यावर जाईल. आणि तू एखाद्या कारवाईवर टीका केलीस तर ती त्याच्या मेसमध्ये वाचली जाईल. म्हणून बाळ, माणसाने आपल्या कामाची हद्द आधीच आखून घ्यावी, नंतर... असो. शाळेतून निवृत्त झाले तरी फळ्यासमोरची सवय जात नाही. रागावू नकोस, मला तुला शिकवायचे नव्हते.

तुला अमेरिकेची युद्धवार्ताहर मार्था गेलहॉर्न माहीत असेलच. दुसरे महायुद्ध शिकवताना मी मुलींना तिची गोष्ट मुद्दाम सांगत असे. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीला जायची परवानगी मिळाली नाही, तर ती रुग्णांच्या जहाजावर लपून गेली आणि स्ट्रेचर उचलणाऱ्यांबरोबर किनाऱ्यावर उतरली. पुढे त्याच वर्षी, रीतसर परवाना नसताना फिरत असताना, अमेरिकेच्या ८२ व्या हवाई डिव्हिजनच्या जवानांनी तिला अडवून सेनापती जेम्स गॅव्हिनपुढे नेले. त्याने तिला सोडून दिले, आणि मग दोघे प्रेमात पडले. युद्धभर ते एकमेकांना भेटत राहिले. वर्गात मी गोष्ट इथेच थांबवत असे, कारण पुढे त्यांचे लग्न झाले नाही. लढाई चालू होती तोवर दोघांचे जग एकच होते. शांतता आली तेव्हा त्याला छावणी होती, आणि छावणीतल्या अधिकाऱ्याच्या पत्नीचे आयुष्य तिला मानवणारे नव्हते. ती पुढे व्हिएतनामला गेली, म्हातारपणीही लिहीत राहिली. तुमचे तसेच होईल असे मी म्हणत नाही. पण शांततेच्या स्टेशनात, क्वार्टरमध्ये, बदलीच्या गावी तू काय करणार याचा विचार तुम्ही दोघांनी मिळून केला आहे का, एवढे मला सांग.

आणि उलट घडले तर? मी फक्त त्याचीच काळजी करते असे समजू नकोस. वृत्तछायाचित्रकार दानिश सिद्दिकी १६ जुलै २०२१ ला अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाकला मारला गेला, तेव्हा तो अफगाण सैनिकांबरोबरच होता. त्या रात्री तू मला त्याची छायाचित्रे एकेक करून दाखवली होतीस आणि मी ती पाहताना तुझ्या हातांकडे पाहत होते. सैनिकाला काही झाले तर घरी कोण जाणार, काय सांगणार, पुढे पेन्शनचे कोण पाहणार, हे सगळे ठरलेले असते; जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते, पलटण असते. तुला काही झाले तर त्याच्या चौकीवर निरोप कोण नेणार? तिथे तर मोबाइल चालत नाही, असे तूच म्हणालीस.

माझे माहेर अपशिंग्याचे. तिथे पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे, आणि लहानपणी आम्ही त्याच्याभोवती लपाछपी खेळत असू. फौजेतल्या माणसाशी लग्न म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. तिथल्या बायका लढाईच्या दिवसांत गाव सोडून जात नसत. लग्नकार्यालाही नाही, माहेरीसुद्धा नाही. निरोप आला तर दार उघडायला आपण घरी असले पाहिजे, एवढेच त्यांना कळत होते. लग्नानंतर त्याच्या कागदपत्रांवर जवळचे नातेवाईक म्हणून तुझे नाव लागेल. कोणी आले तर तुझ्याच दारी येईल. आणि तेव्हा तू पूंछला, उरीला, नाहीतर आणखी कुठल्या देशात असशील. पुन्हा तिथेच आले बघ. लिहायला बसताना ठरवले होते की हे एकदाच लिहायचे.

काम सोडून दे असे मी म्हणणार नाही. तू सोडणार नाहीस, आणि सोडलेस तर मलाच वाईट वाटेल. एकच मागते. लग्नाआधी संपादकांना लेखी कळव की त्याची पलटण जिथे असेल त्या भागाची बातमी तुझ्याकडे येणार नाही, आणि तिथे काही घडले तर ते तुला कॅमेऱ्यासमोर उभी असताना कळणार नाही, आधी बाजूला घेऊन कोणीतरी सांगेल. असे करण्याने तुझे नुकसान होईल, चांगल्या बातम्या दुसऱ्यांना मिळतील, हे मला कळते. तरी कळव. त्यालाही विचार, तो नाही म्हणणार नाही असे मला वाटते. आणि तुझ्या कार्यालयात निरोपासाठी आमच्या नंबराबरोबर त्याच्या आईचाही नंबर लिहून दे.

त्याच्या आईशी मला बोलायचे आहे. हिंदी मला बऱ्यापैकी येते, तुझ्या बाबांबरोबर तीन छावण्यांत राहिले आहे. त्यांचा मुलगा वर चौकीवर होता तेव्हा त्या पिथोरागढला टीव्ही लावत होत्या की बंद ठेवत होत्या, हे मला त्यांना विचारायचे आहे. नंबर पाठव आणि कोणत्या वेळी फोन केलेला चालेल तेही लिही. पुढच्या आठवड्यात माउलींची पालखी निघते, ती लोणंदला येईल तेव्हा आम्ही दोन दिवस तिकडे असू. तेवढे सोडून केव्हाही.

तुझी,
आई