लेस पॉल आली, आता ॲम्पचं बघू

पुणे

प्रिय मंदार,

फोटो मिळाले. केस उघडी, केस बंद, पुढून, मागून, आणि हेडस्टॉकचा, म्हणजे खुंट्यांच्या डोक्याचा, एक तर इतक्या जवळून की लॅकरवर तुझ्या बोटाचा ठसा दिसतोय. अभिनंदन! कॉलेजात वहीच्या शेवटच्या पानावर जी काढायचास तीच गिटार घेतलीस, गिब्सनची लेस पॉल, चेरी सनबर्स्ट रंगाची. वहिनी काहीच बोलल्या नाहीत म्हणतोस त्यावर माझा विश्वास नाही, पण तो तुमच्या घरचा मामला.

पत्रात तू दोन प्रश्न विचारलेस आणि एक टोमणा मारलास. आधी टोमणा. पाटाला दांडी ठोकली की झाली माझी फेंडर टेलिकास्टर, हे तू इतकी वर्षं म्हणतोयस की मला आता त्यात अपमान वाटतच नाही. खरंच पाटाला दांडी आहे ती. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, कॅलिफोर्नियात फुलर्टनला त्याचं दुकान, आणि स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यामुळे त्यानं विचार केला तो दुरुस्त्याचा: नेक, म्हणजे ती दांडी, चार स्क्रूंवर बसव, खराब झाली तर काढून दुसरी लाव. १९५० साली ती बाजारात आली तेव्हा तिचं नाव ब्रॉडकास्टर होतं. ग्रेच कंपनीचे त्याच नावाचे ड्रम्स होते, त्यांनी हरकत घेतली. मग काही महिने फेंडरनं स्टिकरवरचा तेवढा शब्द कापून बिननावाच्या गिटारी विकल्या आणि १९५१ मध्ये टेलिकास्टर हे नाव आलं. त्या बिननावाच्यांना आज काय किंमत येते ते तुला माहीत आहेच. पण मला त्यात रस नाही. मला रस आहे तो ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली टेकतात तिथल्या, पिकअपमध्ये, तारेच्या थरथरीची वीज करणाऱ्या कॉइलमध्ये. तो तिरका बसवलाय, पोलादी पत्र्यात, आणि त्यातून जो टणत्कार येतो तो तुझ्या चार किलोच्या महोगनीतून येणं नाही.

आता तुझ्या बाजूनंही बोलतो, नाहीतर म्हणशील सुहास बदललाच नाही. तू मिशिगनमध्ये राहतोस आणि कॅलामझूला अजून गेला नाहीस, हे मात्र अति झालं. पार्सन्स स्ट्रीटवर गिब्सनचा जुना कारखाना आहे, १९१७ पासूनचा. १९८४ मध्ये गिब्सननं तो बंद करून सगळं काम नॅशव्हिलला नेलं, तेव्हा जे कारागीर गाव सोडायला तयार नव्हते त्यांतल्या काहींनी त्याच इमारतीत हेरिटेज नावानं गिटारी बनवायला घेतल्या. तुझ्या गिटारीचे हंबकर पिकअप निघाले ते त्याच कॅलामझूतून. सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरची अक्कल. एका कॉइलशेजारी दुसरी, उलट जोडलेली, आणि तिचा चुंबकही उलटा. बाहेरून येणारी विजेची घूंघूं दोन्हींत एकमेकींच्या विरुद्ध उमटते आणि कटते. तारेचा सूर मात्र दोनदा उलटा होऊन सुलटा होतो, त्यामुळे त्याची बेरीज होते. आपल्याला तिसऱ्या सेमिस्टरला हे असं शिकवलं असतं तर कोणाची केटी लागली नसती.

आणि गंमत अशी की या गिटारीला तिच्या चांगल्या दिवसांत कोणी विचारलं नाही. १९५२ ची सोनेरी लेस पॉल, १९५७ ला हंबकर, १९५८ ला सनबर्स्ट. खप इतका कमी की १९६१ पर्यंत कंपनीनं हा आकारच गुंडाळला आणि पातळ, दोन शिंगांची गिटार काढली, जिला आपण एसजी म्हणतो. पुढे इंग्लंडातल्या पोरांनी सेकंडहँड लेस पॉल उचलून मार्शल नावाच्या इंग्रज ॲम्प्लिफायरमध्ये लावल्या, १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनची ती 'ब्लूज ब्रेकर्स' रेकॉर्ड आली, सगळे वेडे झाले आणि १९६८ ला गिब्सनला ती परत सुरू करावी लागली. म्हणजे अमेरिकन गिटारीची किंमत अमेरिकेला कळली ती एका इंग्रज ॲम्पमधून. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.

घूंघूंचं निघालंच आहे तर माझ्याकडची परिस्थिती सांगतो. माझी टेली सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपची, खोलीत इन्व्हर्टर, जिन्यात जुन्या चोकच्या ट्यूबलाइट. मी पर्वतीकडे तोंड करून बसलो की गप्प, सिंहगडाकडे वळलो की मधमाश्या. बायको म्हणते, वाजवतोस की दिशा बघतोस? आपली वीज ५० सायकलची, म्हणजे ही घूंघूं 'जी' (G) या सुराच्या जराशी वर बसते. तुमची ६० सायकलची, ती बी फ्लॅट आणि बी यांच्या मधोमध कुठेतरी लोंबकळत असेल. 'जी' स्केलमध्ये वाजवताना मला फुकटचा, किंचित चढलेला तानपुरा मिळतो. तुला हंबकरमुळे तोही नाही.

फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं ठेवायची पट्टी, रोझवूडचा आहे का, असं विचारलंयस. दुकानदाराला विचार, पण असणार, आणि बहुतेक आपल्याकडचंच. ब्राझीलच्या रोझवूडचा व्यापार १९९२ मध्ये बंद झाला, आणि आता जगभरच्या बऱ्याच गिटारींना भारतीय रोझवूडच लागतं. म्हणजे आपलं शिसवी. आजीचा तो काळा पलंग आठवतो ना, ज्याला वाळवी लागत नाही म्हणून ती सगळ्यांना सांगायची, तेच लाकूड. २०१७ मध्ये त्या सगळ्या जातीवर आंतरराष्ट्रीय परवान्याची अट आली आणि फेंडरनं मेक्सिकोच्या बऱ्याच गिटारींवर पाउ फेरो नावाचं लाकूड लावायला घेतलं. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. तेव्हा दिवाळीला गिटार घेऊन आलास तर त्या कागदपत्रांची काळजी करू नकोस. काळजी कर ती हेडस्टॉकची. तुझ्या गिटारीचं डोकं मागे कललेलं असतं, नेक महोगनीची, आणि नटच्या, म्हणजे तारा वर टेकतात त्या पट्टीच्या, मागे ट्रस रॉडसाठी, नेक सरळ ठेवणाऱ्या सळईसाठी, लाकूड कोरलेलं. केस आडवी पडली की तिथेच मोडते. हार्ड केसमध्ये हेडस्टॉकच्या खाली आणि वर कापड नीट कोंब, तारा थोड्या सैल कर.

आता मुख्य मुद्दा. तू लिहितोस की शंभर वॉटचं मार्शल हेड आणि चार स्पीकरचा कॅबिनेट बघून ठेवलाय. मंद्या, नको घेऊस.

कारण सांगतो. मार्शल म्हणजे काय, तर फेंडरच्याच ॲम्पचा विलायती अवतार. जिम मार्शल हा ड्रमवाला, पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला दुकान. गिटारवाली पोरं त्याच्याकडे येऊन रडायची की अमेरिकन ॲम्प परवडत नाहीत. १९६२ मध्ये त्याच्या माणसांनी फेंडरचा बेसमॅन ॲम्प उघडला, सर्किट जवळपास तसंच घेतलं, पण सुटे भाग इंग्लंडात मिळतील ते लावले. व्हॉल्व्ह वेगळे, ट्रान्सफॉर्मर वेगळा, आणि मागून उघड्या पेटीतल्या दहा इंची स्पीकरऐवजी बंद कॅबिनेटमध्ये बारा इंची सेलेस्टियन. आवाज घट्ट झाला, लवकर फाटायला लागला, आणि त्या फाटण्यालाच लोकांनी डोक्यावर घेतलं. शंभर वॉट नंतर आले, आणि आले ते 'द हू' बँडच्या टाउनसेंडसारख्यांनी मोठ्या स्टेजसाठी मागितले म्हणून. माइकवरून सगळा बँड बाहेर फेकणाऱ्या आजच्यासारख्या सिस्टिम तेव्हा नव्हत्या. तू बेसमेंटमध्ये वाजवणार आहेस, वर वहिनी आणि पोरं झोपलेली.

आणि वॉटचा हिशोब तुझ्यासारख्या इलेक्ट्रिकलवाल्याला मी शिकवायचा म्हणजे कमाल आहे. पन्नासाचे शंभर केले की वाढतात तीन डेसिबल, कानाला जेमतेम कळतील एवढे. आवाज दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. म्हणजे शंभर वॉटचा ॲम्प दहा वॉटच्या साधारण दुप्पट मोठा, बस. पण व्हॉल्व्ह ॲम्प खुलतो तो पॉवर व्हॉल्व्हना जरा दम लागला की. शंभर वॉटला दम लागेपर्यंत शेजारचा पोलिसांना फोन करून मोकळा. मग तू व्हॉल्यूम एकवर ठेवणार, आवाज पातळ आणि चिरका येणार, आणि मला लिहिणार की लेस पॉल जमली नाही, विकतोय. मी हे इथे बघितलंय. गिटारी बदलत राहतात लोक, आणि ॲम्प तोच, चुकीच्या आकाराचा.

माझं मत तुला माहीत आहे, पुन्हा ठासून सांगतो: वाद्य दोन तुकड्यांत असतं आणि मोठा तुकडा जमिनीवर ठेवलेला असतो. तुझी लेस पॉल फेंडरच्या बावीस वॉटच्या डिलक्स रिव्हर्ब ॲम्पमध्ये लाव, व्हॉल्यूम पाच-सहावर ने आणि मग मला सांग. नाहीतर फेंडरचाच पाच वॉटचा चॅम्प, त्यात एकच पॉवर व्हॉल्व्ह. किंवा व्हॉक्स या इंग्रज कंपनीच्या ॲम्पच्या घराण्यातलं काही. एसी थर्टी मोठा आहे, पण त्यातले ते चार ईएल ८४ व्हॉल्व्ह मला फार आवडतात, घंटेसारखी वरची धार. शॅडोज या इंग्रज बँडनं पोरींच्या किंकाळ्यांवर आवाज जावा म्हणून मागून घेतलेला ॲम्प तो, आणि पुढे 'क्वीन' बँडच्या ब्रायन मेनं त्यांची भिंतच उभी केली. त्यानं तर गिटारही विकत घेतली नाही, १९६३ मध्ये बापलेकांनी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड घेऊन घरी बनवायला सुरुवात केली. त्याच्या शेजारी गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेतला, हे तू अमेरिकेत सगळ्यांना सांगत असशीलच. ईएल ८४ बंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही बनायचे, आपल्या घरांतल्या व्हॉल्व्ह रेडिओंसाठी. जुन्या रेडिओवाल्यांकडे अजून एखादी जोडी सापडते. मी शोधात आहे.

ट्रान्झिस्टर ॲम्पबद्दल तू नाक मुरडतोस ते मला पूर्ण पटत नाही. रोलंडचा जेसी १२० घे, १९७५ पासून चालू आहे. स्वच्छ आवाज, दोन स्पीकरमध्ये हलणारा कोरस, आणि भाड्यानं आणलेला असला तरी कालच्यासारखाच वाजतो. हा शेवटचा गुण स्टेजवर फार मोलाचा. टेलीला तो सोसतो. लेस पॉलला त्यात मजा नाही.

मॉडेलरबद्दल, म्हणजे ॲम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या पेटीबद्दल, थोडक्यात. रात्री दहानंतर मीही हेडफोन लावून तेच वापरतो, त्याला इलाज नाही. केम्पर नावाचा मॉडेलर २०११ मध्ये आला तेव्हापासून नक्कल इतकी सुधारलीय की रेकॉर्डिंगमध्ये फरक ओळखण्याची पैज मी लावणार नाही. पण हेडफोनमध्ये तार परत थरथरत नाही. ॲम्पसमोर उभं राहिलं की स्पीकरची हवा गिटारीच्या लाकडाला लागते आणि धरलेला सूर विझायचा तो उलट वर चढतो. ते हवं असेल तर खोलीत स्पीकरच पाहिजे, छोटा का होईना.

खरं सांगू, फाटलेल्या आवाजाचं हे वेड आपल्याला इंग्रजांकडून लागलंच नाही. गिरगावात तुझ्या मामाकडे गणपतीला जायचो तेव्हा मिरवणुकीतला बेंजो आठव. टाइपरायटरसारखी बटणं, खाली पिकअप, वायर थेट टेम्पोवरच्या लाउडस्पीकरच्या ॲम्पमध्ये, आणि त्याचा कान शेवटपर्यंत पिळलेला. भोंग्यातून जे यायचं ते शुद्ध ओव्हरड्राइव्ह होतं. कोणी आवाज फाडणारं पेडल लावलं नव्हतं. मार्शल ऐकायच्या आधी आपण ते ऐकलं, आणि मला वाटतं म्हणूनच तुला गिटार नेहमी भोकाड पसरलेली लागते. मी जरा सुधारलो, एवढंच.

तू पुढच्या वेळी वाजवशील तेव्हा एक कर. गिटारीवरचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आण. तू तो कधीच हलवत नाहीस, टेपनं चिकटवल्यासारखा. इंग्रज गिटारवाला जेफ बेक, त्याचे जुने व्हिडिओ बघ, पिक नाही, नुसती बोटं, करंगळी कायम व्हॉल्यूमच्या बटणावर, हात ब्रिजच्या दांडीवर. स्वर शून्यातून उगवतो आणि मींड घेत जातो. आईला मी एकदा ऐकवलं तर तिनं विचारलं, हा कोणाकडे शिकला? ॲम्प किंचित फाटेल असा लावून ठेव आणि स्वच्छ-खरखरीत सगळं बोटानं आणि त्या बटणानं कर. सातवर आवाज घुसमटला तर आतली वायरिंग बदलून घे, टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूमच्या बाहेर पडणाऱ्या टोकाला जोडायचा, पन्नाशीतल्या गिटारींसारखा. सोल्डरिंग तुला येतंच.

आता तुझा दुसरा प्रश्न, काय आणू? ॲम्प आणू नकोस. तुमचे १२० व्होल्टचे, इथे २३० वर लावला तर धूर. स्टेप-डाउन लावून चालतो, पण ६० सायकलसाठी बेतलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, आणि तेवढं धूड कोण बाळगणार. तारा आण, दहा-सेहेचाळीस जाडीचे सेट, मिळतील तेवढे. पावसाळ्यात इथे तारा गंजतात आणि नेक फुगून वाकते, दर जूनला ट्रस रॉड फिरवावा लागतो. म्हणून इंची मापाच्या ॲलन की चा एक चांगला संचही आण. इथे मिलिमीटरच्या मिळतात आणि त्यांनी नट झिजतो.

काकूंना परवा भेटून आलो. तब्येत ठीक आहे, गुडघा सोडून. तू फोन रविवारी करतोस त्याऐवजी शनिवारी कर म्हणाल्या, रविवारी त्यांची भिशी असते.

तुझा,
सुहास

ता. क. दुकानात जाशील तेव्हा डिलक्स रिव्हर्ब आणि ते शंभर वॉटचं धूड शेजारी ठेवायला सांग, दोन्ही बोलण्याच्या आवाजाइतके लाव, आणि फोनवर रेकॉर्ड करून पाठव. कुठला कोणता ते लिहू नकोस.